डिस्चार्जनंतरचा महिनाही तुमचाच आहे

प्रति,
रुग्णालयांचे व्यवस्थापक, राऊंड घेणारे डॉक्टर, वॉर्डातल्या परिचारिका आणि डिस्चार्जचे कागद तयार करणारे सर्व जण यांस,

स. न. वि. वि.

फ्लू, कोविड, आरएसव्ही किंवा असाच एखादा विषाणू सत्तरी ओलांडलेल्या माणसाला तुमच्याकडे घेऊन येतो आणि तुम्ही त्याला वाचवता. ताप उतरतो, ऑक्सिजन निघतो, सलाईन निघते आणि ‘प्रकृती स्थिर, घरी सोडण्यास हरकत नाही’ असा शेरा मारून त्याला घरी पाठवलं जातं. शेरा खराच असतो. नाडी, रक्तदाब, रक्ताचे रिपोर्ट सगळं जागच्या जागी असतं. फक्त त्या माणसाला आता कमोडवरून एकट्याने उठता येत नाही, अंघोळ करताना मधेच बसावं लागतं आणि संध्याकाळ झाली की घरच्यांच्या नावांत गल्लत होते. याबद्दल कागदावर एक ओळही नसते.

मी रुग्णांच्या घरी जाऊन व्यायाम करून घेणारी फिजिओथेरपिस्ट आहे. तुम्ही सोडलेली ही माणसं माझ्यापर्यंत पोचतात ती बहुतेकदा तीन-चार आठवड्यांनी, घरच्यांचा धीर सुटल्यावर. ‘अशक्तपणा आहे, वय झालंय, वेळ लागणारच’ हे ऐकण्यात ते आठवडे गेलेले असतात. आणि हातात धरण्यासारखे आठवडे तेच असतात.

माझी मागणी साधी आहे. आजारी पडण्याच्या दोन आठवडे आधी हा माणूस स्वतःचं स्वतः काय काय करत होता, हे दाखल करतानाच विचारून लिहून ठेवा. सोडताना तो काय करू शकतो, हे त्याच्याच शेजारी लिहा. आणि एका महिन्याने पुन्हा तेच प्रश्न विचारा. पहिली आणि तिसरी नोंद जुळत नसेल, तर ती का जुळत नाही हे कळेपर्यंत त्याची फाइल बंद करू नका.

महिनाच का, ते सांगते. अमेरिकेत रुग्णालयातून घरी गेलेल्या सत्तरीपुढच्या लोकांचा वर्षभर पाठपुरावा करून केलेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यातले रुग्ण केवळ विषाणूच्या आजाराचे नव्हते, वेगवेगळ्या आजारांनी दाखल झालेले होते. अंघोळ, कपडे घालणं, खाणं, शौचाला जाणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, या रोजच्या गोष्टींपैकी एखादी तरी दाखल होण्याआधी जमत होती आणि घरी जाताना जमत नव्हती, अशा लोकांपैकी वर्षभरात सुमारे ४१ टक्के वारले. २९ टक्के जिवंत होते, पण पूर्वीच्या स्थितीला आले नाहीत. आले ते ३० टक्के. जे आपल्या मूळ स्थितीत घरी गेले होते, त्यांच्यातले ६७ टक्के वर्षानंतरही त्याच स्थितीत टिकून होते. आणि पुढचं वर्ष कसं जाणार, याचा अंदाज पहिल्या महिन्यात किती सुधारणा झाली त्यावरून येत होता. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा माझ्या रुग्णांचे चेहरे डोळ्यांपुढून गेले. तुमच्या दृष्टीने ही सगळी माणसं ‘बरी होऊन गेलेली’ होती.

आता वॉर्डाकडे वळते, कारण यातलं बरंच काही विषाणूने केलेलं नसतं, पलंगाने केलेलं असतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात धडधाकट ज्येष्ठांना १० दिवस अंथरुणात झोपवून ठेवलं. ताप नाही, खोकला नाही, औषध नाही, नुसतं झोपणं. दहा दिवसांत त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो स्नायू-वजन गेलं. ही निरोगी माणसं होती. त्यात तापाने शरीर जळत असताना, जेवण जात नसताना आणि वर स्टेरॉइड चालू असताना काय होत असेल? कोविडमध्ये ऑक्सिजन लागलेल्यांसाठी डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने जीव वाचवले, हे २०२० साली सिद्ध झालं आणि ते औषध द्यायलाच हवं होतं. पण स्टेरॉइडचे दिवस लांबले तर मांड्यांचे स्नायू झिजतात आणि साखर चढते, हेही तुम्ही जाणताच. ते घरच्यांना कुणी सांगत नाही. घरचे म्हणतात, पायातली शक्ती कुठे गेली कळत नाही.

दुसरा अभ्यास २००९ सालचा. दाखल होण्याआधी चालत-फिरत असलेल्या ज्येष्ठांच्या अंगावर हालचाल मोजणारं यंत्र लावून पाहिलं, तर रुग्णालयातल्या वेळेपैकी ८३ टक्के वेळ ते पलंगावर आडवे होते. त्यांना झोपून राहायची गरज होती म्हणून नव्हे. खुर्ची जवळ नसते, सलाईनची नळी ओढली जाते, कॅथेटर (लघवीची नळी) काढायचं राहून जातं, आणि उठायला लागलं की कुणीतरी ‘आजोबा, झोपा, पडाल’ म्हणून पुन्हा आडवं करतं.

पडण्याची भीती खोटी नाही. रात्रपाळीला एकीच्या वाट्याला किती रुग्ण येतात, हे मला माहीत आहे आणि कुणी पडलं तर जाब तिलाच विचारला जातो. पण तुमच्याकडे न पडलेला माणूस घरी जाऊन पडतो, तेव्हा तो आकडा कुणाच्याच नोंदीत येत नाही. झोपवून ठेवल्याने पडणं टळत नाही, पुढे ढकललं जातं, आणि तोवर पाय आणखी बारीक झालेले असतात.

एक उदाहरण देते. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक आजी, फ्लूमधून उठलेल्या. कागदावर शेरा होता: ‘आधाराशिवाय उभ्या राहतात.’ घरी पलंगाच्या कडेला बसल्या, दोन्ही तळहात गादीत रुतवले, पुढे झुकल्या, आणि पुन्हा मागे बसल्या. परत झुकल्या, परत बसल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘तिकडे उठत होते गं मी.’ त्या खरं बोलत होत्या. मुलाला विचारलं तेव्हा उलगडा झाला. वॉर्डातला पलंग खाली-वर होणारा होता. सिस्टरने सोयीसाठी तो वर घेतलेला असायचा, आजी त्यावरून जवळजवळ उभ्याच होत्या, नुसतं घसरून पाय टेकवायचे. घरचा पलंग गुडघ्याच्याही खाली. त्या वीतभर फरकात त्यांचं एकटीने शौचाला जाणं गेलं होतं. पलंगाखाली लाकडी ठोकळे ठेवले, खुर्चीवर जाड उशी घातली आणि उंची आठवड्याआठवड्याने कमी करत नेली. सुरुवातीला हातांच्या आधाराने सलग दोनदाच उठता यायचं. पुढे हात छातीवर दुमडून उठायला लागल्या. यात माझी काही करामत नाही. सोडण्याआधी कुणी त्यांना साध्या खुर्चीत बसवून ‘हात न लावता उठून दाखवा’ म्हटलं असतं, तर त्याच दिवशी सगळं कळलं असतं. तीस सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं, ही जगभर वापरली जाणारी चाचणी आहे. तिला खुर्ची लागते आणि घड्याळ लागतं.

डोक्याचंही तसंच. ताप आणि अनोळखी जागेमुळे म्हाताऱ्या माणसाला भ्रम होतो. तो रात्री नळ्या ओढतो, कुणाला तरी हाका मारतो, किंवा याच्या उलट दिवसभर गप्प पडून राहतो. गप्प पडलेल्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण तो त्रास देत नाही. ताप गेला की भ्रम जाईल असं आपण धरून चालतो. बहुतेकांचा जातो, पण कित्येकांमध्ये तो आठवडेच्या आठवडे रेंगाळतो, आणि काहींची स्मरणशक्ती पूर्वीसारखी होतच नाही. घरच्यांना वाटतं, आता यांना विस्मरणाचा आजारच जडला. त्यांना हे कुणीतरी आधी सांगायला हवं की हा भ्रम आजारपणातला आहे, याच्यावर लक्ष ठेवा, चष्मा आणि कानाचं यंत्र जवळ असू द्या, दिवसा उजेड, रात्री अंधार, आणि महिन्या-दोन महिन्यांनी डॉक्टरांना पुन्हा दाखवा.

माणसं कुठून आणायची, हा तुमचा प्रश्न मला ऐकू येतो. येल विद्यापीठाच्या डॉ. शेरॉन इनोये यांनी १९९९ साली दाखवून दिलं की वॉर्डातल्या वयस्कर रुग्णांना दिवस-वेळेचं भान देत राहणं, उठवून चालवणं, चष्मा-श्रवणयंत्र देणं, पाणी पाजणं, रात्री गोळीशिवाय झोप लागू देणं, एवढ्यानेच भ्रम होण्याचं प्रमाण १५ टक्क्यांवरून १० टक्क्यांच्या आत आलं. यातलं बरंचसं काम प्रशिक्षण दिलेल्या स्वयंसेवकांनी केलं. स्पेनमध्ये पाम्प्लोना इथल्या रुग्णालयात सरासरी ८७ वर्षं वयाच्या रुग्णांना दाखल असतानाच रोज सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं व्यायाम दिला. तो अभ्यास २०१९ साली छापून आला. ज्यांना नेहमीसारखेच उपचार मिळाले, ते रोजच्या कामांत मागे पडले. ज्यांना व्यायाम मिळाला, ते पडले नाहीत. सत्त्याऐंशीव्या वर्षी! वय झालंय हे उत्तर मला त्यानंतर कुणी दिलं की मी स्पेनची आठवण करून देते.

घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या कागदाकडे येऊ. त्यावर गोळ्यांची यादी असते, पुढची तारीख असते आणि ‘विश्रांती घ्या, हलका आहार घ्या’ असं लिहिलेलं असतं. या दोन सूचनांनी किती नुकसान होतं, ते तुम्हाला वॉर्डात बसून दिसत नाही. घरचे त्या अक्षरशः पाळतात. प्रेमाने पाळतात. पाणी हातात, जेवण पलंगावर, टीव्हीचा रिमोट उशाशी. आणि हलका आहार म्हणजे पातळ, पचायला सोपं, ज्यात स्नायू बांधायला लागणारं काहीच नाही. आजारातून उठणाऱ्या वयस्कर माणसाला दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, असं तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१३ सालीच सांगितलं आहे. साठ किलोच्या माणसाला ते ७२ ते ९० ग्रॅम होतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हिशेब वेगळा, तो तुम्हीच ठरवून द्यायचा. पण ‘हलका आहार’ लिहून मोकळं होऊ नका. विषाणूने वास गेलेला असेल तर जेवण नकोसंच होतं, तोंडात छाले असतात, आठवडाभर बाहेर काढून ठेवलेली कवळी सैल झालेली असते. कवळीबद्दल मी विचारलं की घरचे चकित होतात. कुणी विचारलेलंच नसतं.

गोळ्यांबद्दल मी बोलणं माझ्या अधिकाराबाहेरचं आहे, पण जे रोज बघते ते सांगते. पाच-सहा किलो वजन उतरलंय, पाणी कमी पितोय, आणि रक्तदाबाची गोळी मात्र आजारापूर्वीच्याच मात्रेत चालू आहे. पलंगावरून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा दाब २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर ती धोक्याची खूण मानतात. आडवं असताना एकदा आणि उभं केल्यावर एकदा, असा दाब सोडण्याच्या सकाळी बघितला तर कितीतरी खुबे मोडायचे वाचतील. वॉर्डात गोंगाटामुळे झोप येत नाही म्हणून सुरू केलेली झोपेची गोळी घरीही महिनोन्महिने चालू राहते. ती कधी बंद करायची, हे त्याच कागदावर लिहा.

सगळेच अशक्त सारखे नसतात. ही गोष्ट मला सगळ्यात कळकळीने सांगायची आहे, कारण इथे माझ्या व्यवसायातल्या लोकांचंही चुकतं. पलंगामुळे आलेल्या अशक्तपणाला हालचाल हेच औषध. आज चार पावलं, उद्या सहा. दुखतं, दमायला होतं, पण दुसऱ्या दिवशी माणूस ताजा असतो. याउलट काहींना, विशेषतः कोविडनंतर, थोडंसं श्रम केलं की एक-दोन दिवसांनी कोसळल्यासारखं होतं. अंग मोडून येतं, डोकं चालत नाही, छाती धडधडते, आणि ते दिवसेंदिवस राहतं. अशा माणसाला ‘जोर लावा, आळस सोडा’ म्हणणं घातक आहे. त्याला शक्ती जपून खर्च करायला शिकवावं लागतं, काम तुकड्यांत करायचं, दमायच्या आधी थांबायचं. दोघांतला फरक एकाच भेटीत कळत नाही. व्यायामानंतर दोन दिवसांनी कसं वाटलं, हे विचारल्यावर कळतो. म्हणूनच एक तारीख देऊन पाठवणं पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये कोविडपश्चात आजाराची व्याख्या केली, तीत आजार सुरू झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनी दिसणारी आणि किमान दोन महिने टिकणारी लक्षणं धरली आहेत. म्हणजे तुमचा फॉलोअप संपल्यावर ज्याचं निदान होणार, असा हा आजार आहे.

आणि प्रत्येक धाप अशक्तपणाची नसते. फ्लूचं निदान झाल्यापासून पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण सहा पट असल्याचं कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या अभ्यासात २०१८ साली आढळलं. पायात गुठळी होऊन ती फुफ्फुसात जाऊ शकते. एक पाय सुजला, छातीत दुखलं, बसल्या बसल्या धाप लागली, तर वाट बघायची नाही, हे मोठ्या अक्षरात लिहून द्या. माझ्यासारखीने घरी जाऊन ओळखेपर्यंत थांबणं परवडणारं नाही.

येलचेच हृदयरोगतज्ज्ञ डॉ. हार्लन क्रुमहोल्झ यांनी २०१३ साली रुग्णालयातून घरी गेल्यानंतरच्या या नाजूक काळाला ‘पोस्ट-हॉस्पिटल सिंड्रोम’ असं नाव दिलं. अमेरिकेत ज्येष्ठांच्या सरकारी विम्यातले सुमारे एक पंचमांश रुग्ण घरी सोडल्यावर ३० दिवसांच्या आत पुन्हा दाखल होत होते, आणि बहुतेकदा मूळ आजारासाठी नाही, भलत्याच कारणासाठी. अपुरी झोप, अपुरं खाणं, झोपून राहणं, औषधांची गुंगी, गोंधळलेलं मन, या सगळ्यांनी मिळून माणूस इतका उघडा पडतो की कुठलंही छोटं कारण त्याला पुन्हा तुमच्या दारात आणतं. व्यवस्थापकांना मी खास सांगेन, हा परत आलेला रुग्ण तुमच्याच वॉर्डाचा पलंग अडवतो.

तेव्हा पुन्हा त्या तीन नोंदींकडे येते. दाखल करताना सोबत आलेल्याला विचारा: दोन आठवड्यांपूर्वी हे एकटे अंघोळ करत होते का, जिना चढत होते का, स्वतःच्या गोळ्या स्वतः घेत होते का, घराबाहेर जात होते का. कुणी ‘तसं सगळं करायचे’ म्हणालं तर तेवढ्यावर सोडू नका, एकेक विचारा. सोडताना हेच पाहा, पण साध्या उंचीच्या खुर्चीवर, साध्या कमोडवर, नळ्या काढून. जे गेलं असेल ते घरच्यांना दाखवून, नाव घेऊन सांगा. आणि फिजिओथेरपीची चिठ्ठी त्याच दिवशी द्या, घरच्यांनी मागेपर्यंत थांबू नका.

महिन्याने करायचा फोन डॉक्टरांनीच करायला हवा असं नाही. प्रशिक्षित परिचारिका करू शकते, स्वयंसेवक करू शकतो, फक्त उत्तरं त्याच फाइलमध्ये लिहिली गेली पाहिजेत आणि ती वाचणारा डॉक्टर ठरलेला असला पाहिजे. शक्य असेल तर रुग्णाशीच बोला. मुलगा ‘छान आहेत’ म्हणतो, आणि बाबांना आठ दिवसांत उन्हात नेलेलं नसतं. एकाही प्रश्नाचं उत्तर पूर्वीपेक्षा वेगळं आलं, तर त्याच आठवड्यात तपासणीची वेळ द्या. रुग्णालयात येणं झेपत नसेल तर व्हिडिओ कॉलवर त्यांना खुर्चीतून उठून दाखवायला सांगा, तेवढंही पुष्कळ कळतं. तुमच्याकडचा फॉर्म कसा असावा, यासाठी कुणाला बसून बोलायचं असेल तर मी माझा वेळ विनामोबदला द्यायला तयार आहे.

आपली नम्र,
घरोघरी जाऊन काम करणारी एक फिजिओथेरपिस्ट